वाचकांचे प्रश्न : पुसट झालेला शकाचा आकडा

प्रश्न : आमच्या घरी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक कौटुंबिक छायाचित्र आहे. त्याच्या मागे पेन्सिलीने शक लिहिला आहे. त्यातले १, ८ आणि शेवटचा २ वाचता येतात, तिसरा आकडा मात्र पुसला गेला आहे. पणजोबा पगडी, बंद गळ्याचा कोट आणि उपरणे अशा वेषात खुर्चीवर बसले आहेत. नऊवारी नेसलेल्या पणजींच्या मांडीवर तान्ही आत्या आहे. मागे काळी टोपी घातलेले आजोबा, गोल पातळ नेसलेली आजी आणि पांढरी गांधी टोपी व मनगटी घड्याळ घातलेले धाकटे आजोबा उभे आहेत. कडेला काळे लुगडे नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक अनोळखी स्त्री आहे. घरातले सर्व जण हे चित्र १९१० चे मानतात. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शकात ७८ मिळवले की चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे इसवी सन मिळते. म्हणजे पुसलेला आकडा ३ असेल तर १९१०, ४ असेल तर १९२० आणि ५ असेल तर १९३० हे साल येते. घरच्यांनी १९१० निवडले ते बहुधा पणजोबांच्या पगडीकडे पाहून. म्हातारी माणसे तरुणपणीचा वेष सहसा सोडत नाहीत. पगडी घालणारे वृद्ध १९३० मध्येही होते. त्यामुळे कालनिर्णय करताना चित्रातल्या सर्वांत तरुण प्रौढांकडे आधी पाहावे.

धाकट्या आजोबांची टोपी १९१० ला बाद करते, कारण गांधी टोपीचा प्रसार १९२० च्या असहकार चळवळीबरोबर झाला. मनगटी घड्याळही पुरुषांमध्ये रुळले ते पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधी कोटाच्या खिशात साखळीचे घड्याळ असे. छायाचित्रासाठी कोट किंवा घड्याळ उसने आणलेले असू शकते हे खरे, परंतु उसनी वस्तूदेखील त्या काळी अस्तित्वात असावीच लागते. उलट, सासूचा शालू सून वीस वर्षांनीही नेसते. म्हणून कपडे ‘याच्या आधीचे नाही’ एवढे खात्रीने सांगतात. ‘याच्या नंतरचे नाही’ हे मात्र त्यांच्यावरून ठरवू नये.

१९२० आणि १९३० यांच्यातला निवाडा आजींच्या पातळावर सोपवावा लागेल. मराठी मध्यमवर्गीय घरांतील तरुण सुना नऊवारी सोडून गोल पाचवारीकडे वळल्या त्या प्रामुख्याने १९३० नंतरच्या काळात, आणि त्याही आधी शहरांत. म्हणून माझा कौल शके १८५२ ला, म्हणजे १९३०-३१ ला आहे. आत्याबाईंच्या शाळेच्या दाखल्याशी तो ताडून पाहा. मात्र प्रवेशाच्या सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहून घेण्याची पद्धत इतकी सर्रास होती, की दाखल्यात वर्षभराचा फरक निघाला तर आश्चर्य वाटू नये.

आता कडेच्या स्त्रीविषयी. तिचे लुगडे काळे असेलच असे नाही. त्या काळी छायाचित्रे घेण्यासाठी कॅमेऱ्यात वापरल्या जाणाऱ्या अनेक काचपट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तांबडे वस्त्र आणि कुंकू काळे उमटत असे, तर निळा रंग फिका पडत असे. पणजींचे कुंकूही काळेच दिसत असेल, ते भिंगातून पाहा. आपले घराणे ब्राह्मण असेल, तर डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली ही स्त्री तांबडे आलवण नेसलेली विधवा, कदाचित पणजोबांची बहीण, असण्याचा संभव बराच आहे. घरातली कोणती स्त्री कधी विधवा झाली हे थोरल्यांना विचारा, कारण तिचे नाव कळले तर चित्राला ‘याच्या आधीचे नाही’ अशी आणखी एक सीमा मिळेल.

एक विनंती. पुसट आकडा कितीही खात्रीचा वाटला, तरी त्यावर शाईने गिरवू नका. खिडकीपाशी पुठ्ठा तिरपा धरला, तर पेन्सिलीने उमटलेला दाब अनेकदा वाचता येतो.