वावरात मोठ्या दगडांचं गोल कडं आहे, आत जमीन उंचवट्याची. हे काय असेल? दगड उचलून धुऱ्यावर टाकले तर चालेल का?

उचलू नका, नागपूरकडच्या भागात असं कडं बहुधा लोहयुगातल्या माणसांचं दफन असतं, साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे अशी शिलावर्तुळं उत्खननात तपासली गेली आहेत: आत मुरूम-गोट्यांचा भराव, त्याखाली हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, आणि काही ठिकाणी घोड्याचे अवशेष व त्याचा तांब्याचा साज. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. लोहारकामाची इतकी जुनी मुळं आपल्याच मातीत आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे!

ओळख अशी: कड्याचे दगड जमिनीत रुतलेले, जवळजवळ एकमेकांना लागून, आणि अशी वर्तुळं सहसा एकटी नसतात, आसपास आणखी दिसतात. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगेही असतात. वखरताना वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग मात्र सैल असतो आणि त्याला आतला भराव नसतो, म्हणून प्रत्येक गोल म्हणजे दफन नव्हे.

जेसीबी किंवा खोल नांगर घातला की कोणती वस्तू कशाशेजारी होती हे कायमचं पुसलं जातं; गंजलेलं लोखंड तर हातात घेताच भुगा होतं. आकार कळावा म्हणून शेजारी काठी ठेवून फोटो काढा, गट क्रमांक लिहा आणि तहसील कार्यालयाला किंवा नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला लेखी कळवा.