वाचकांचे प्रश्न : विजेच्या गाड्या आणि कोल्हापूरचं ओतकाम

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. माल ग्रे आयर्नचा (साधं, ठिसूळ ओतीव लोखंड), बहुतेक सिलिंडर हेड आणि फ्लायव्हील. विजेच्या गाड्या वाढल्या तर हे काम जाईल. एसजी आयर्नकडे (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो ते चिवट ओतीव लोखंड) वळावं का?

उत्तर : वळा, पण आधी आपल्या ऑर्डरींची छाननी करा. विजेच्या मोटारीत ब्लॉक, हेड, लायनर, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाहीत. हब, नकल (चाकाला धरणारा सांधा), ब्रेकचा कॅलिपर, डिफरन्शियलचं केसिंग लागतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी एसजीत ओततात. ब्रेक डिस्क ग्रे आयर्नचीच राहते. ट्रॅक्टर आणि पंपाचं काम तर आहेच. मोटरची हाउसिंग मात्र ॲल्युमिनियमची असते. तिची भट्टी, डाय, कौशल्य सगळंच वेगळं, त्यामुळे लोखंडाच्या शॉपने घाईने त्यात पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

एसजीत बहुतेक जण रिटर्नमध्ये, म्हणजे भट्टीत परत वितळवायच्या तुकड्यांत, चुकतात. ग्रे आयर्नचे रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांचे तोडलेले भाग) आणि एसजीचे एकाच ढिगात पडतात. ग्रे मालात गंधक जास्त असतं आणि मॅग्नेशियम आधी गंधकालाच धरतं, मग ग्रॅफाइट गोल व्हायला ते पुरेसं उरत नाही. म्हणून दोन ढीग, दोन रंगांचे डबे, आणि बेस मेटलमध्ये (मॅग्नेशियम घालण्याआधीच्या रसात) गंधक 0.02 टक्क्यांच्या आत ठेवा.

ट्रीटमेंट, म्हणजे रसात मॅग्नेशियम मिसळणं, साधारण 1450 ते 1500 अंशांना करावी. लेडलच्या (रस वाहून नेणाऱ्या भांड्याच्या) तळाच्या खिशात फेरोसिलिकॉन-मॅग्नेशियम घालून त्यावर स्टीलच्या तुकड्यांचा थर द्यावा. कास्टिंगमध्ये शिल्लक मॅग्नेशियम 0.035 ते 0.05 टक्के हवं. त्याहून बरंच जास्त झालं तर कार्बाइड (कडक, ठिसूळ कण) आणि श्रिंकेज (आकसल्याने पडणारी पोकळी) वाढतात. ट्रीटमेंटनंतर घड्याळ लावा. मॅग्नेशियम उडत जातं, तेव्हा आठ-दहा मिनिटांत ओतणं संपलं पाहिजे. उरलेला रस पुढच्या साच्यात ढकलू नका, तो पिग करा, म्हणजे लगडीत ओतून ठेवा. नमुना पहिल्या नाही, शेवटच्या साच्याचा घ्या. ग्रॅफाइटची गोलाई 85 टक्क्यांखाली दिसली तर त्या लेडलमधून ओतलेला माल अडवून ठेवा.

साचाही घट्ट हवा. एसजी थिजताना ग्रॅफाइट फुगतो. साचा मऊ असेल तर भिंत सरकते आणि आत पोकळी राहते. तेव्हा लोक फीडर (थिजताना जादा रस पुरवणारा भाग) मोठा करत बसतात, मूळ दोष मात्र वाळूत असतो.

प्रश्न : बारा वर्षं हातानं साचे भरतो. दहावी झालोय, वय 38. आता काय शिकू?

उत्तर : वाळूची प्रयोगशाळा. ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद), परमिएबिलिटी (तिच्यातून वायू किती जातो) या चार चाचण्या दोन-तीन महिन्यांत हातात बसतात. वाळू मुठीत दाबून तुम्हाला जे कळतं, तेच इथे आकड्यात उतरतं. साचे भरण्याचं काम हाय-प्रेशर लाइनकडे (दाबाने साचे भरणाऱ्या यंत्रांकडे) जात आहे, पण त्या लाइनलाही वाळू जुळवणारा माणूस लागतो. त्यानंतर स्पेक्ट्रोमीटरसाठी (धातूत कोणतं मूलद्रव्य किती ते मोजणाऱ्या यंत्रासाठी) नमुना ओतायला आणि घासायला शिका. नमुन्यात छिद्र राहिलं किंवा तो नीट पांढरा थिजला नाही, तर मशीन कितीही महाग असो, आकडा चुकतो. मालकांकडे आठवड्यातून एक पाळी लॅबमध्ये मागा, आणि रोजची नोंदवही स्वतःच्या हातानं लिहा. दुसरीकडे अर्ज करताना तीच वही दाखवता येईल.