अरुबा कोरडं आहे म्हणून जाऊ नये, असं कोण म्हणतं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरमध्ये आई-वडील न्यू जर्सीत तुमच्याकडे असतील, त्यांना पाच रात्री कॅरिबियनमधल्या अरुबा बेटावर न्यायचं मनात आहे. हॉटेल पाम बीचवर घ्यावं की ईगल बीचवर, गाडी लागेल का, आणि ‘तिथं सगळं रुक्ष आहे, निवडुंग सोडून बघायला काही नाही’ असं मित्र म्हणतात ते खरं का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल, मीही शेवटी देते. लिहायला बसले ती तिसऱ्या प्रश्नासाठी. हे वाक्य मी आमच्याच घरात इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

माझं माहेर माण तालुक्यातलं आणि सासर रत्नागिरीचं. माझे आई-अण्णा इकडे आले होते तेव्हा मी अरुबाची तिकिटं काढली. थोरले दीर इथेच एडिसनला राहतात. त्यांना कळल्याबरोबर फोन आला, ‘अगं, जन्मभर दुष्काळ बघितलेल्या माणसांना परत दुष्काळच दाखवायला नेतेस? हवाईला ने, हिरवंगार आहे. त्यांच्या डोळ्यांना जरा बरं वाटेल.’ भावोजी मनाने चांगले आहेत, ते काळजीनेच बोलले. पण कोकणातल्या माणसाला ज्या जमिनीवर गवत नाही ती जमीन मुळात वाया गेलेली वाटते, आणि हे ऐकत मी सासरी इतकी वर्षं काढली आहेत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही ‘इथे राहता कसे तुम्ही?’ हाच प्रश्न होता.

तर हो, अरुबा रुक्ष आहे. वर्षाला पाऊस ५०० मिलीमीटरच्याही आत, म्हणजे साधारण आमच्या माणइतकाच, आणि तोही बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. पण कारण अगदी उलटं. आमच्याकडे सह्याद्री आडवा येतो आणि ढगातलं पाणी पलीकडच्या उतारावर रिकामं होतं. भावोजींच्या अंगणात पडतो तो पाऊस आमच्यापर्यंत पोचतच नाही. अरुबावर अडवायलाच काही नाही. बेट बुटकं, सगळ्यात उंच डोंगर जामानोता, तो १८८ मीटर. पूर्वेकडून बारा महिने व्यापारी वारा वाहतो, त्याला वर चढायला उंची मिळत नाही, तो ढग घेऊन तसाच पुढे निघून जातो. खाली व्हेनेझुएलाचा किनारा तीसेक किलोमीटरवर आहे. इतक्या दक्षिणेला असल्यामुळे कॅरिबियनमधली मोठी वादळं बहुतेक वरच्या वर जातात, एखादं कडेने गेलं तर पाऊस देऊन जातं.

आता तुमच्या मित्रांना सांगायची गोष्ट. त्या बेटाचा समुद्र बघायला लोक जगभरातून येतात. तो तसा का आहे? बेटावर बारमाही नदी एकही नाही. माती वाहून आणणारं पाणीच नाही, म्हणून समुद्र गढूळ होत नाही. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात. माझ्या आईला पाण्याची भीती, विहिरीतसुद्धा ती कधी वाकून बघत नाही. पाम बीचवर ती कमरेपर्यंत आत गेली आणि तिथेच उभी राहिली, कारण तळ दिसत होता. कोकणातला समुद्र मलाही आवडतो, पण जुलैत त्याचा रंग काय असतो ते तिथल्या माणसाला मी सांगायला नको. कोरडी जमीन आणि नितळ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक आहे म्हणून दुसरी आहे.

अण्णांचं मात्र समुद्रात फार लक्ष नव्हतं. पहिल्या रात्री त्यांनी प्यायला पाणी कुठलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नळाचं प्या, इथे बाटली विकत घ्यायची नाही. अरुबाचं नळाचं पाणी समुद्राचं असतं. बालाशी नावाच्या ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा कारखाना आहे, १९३०च्या दशकापासून तिथे हे काम चालू आहे. पूर्वी पाणी उकळून त्याची वाफ थंड करायचे, आता बारीक पडद्यांतून दाबाने गाळतात. शिवाय चवीसाठी आणि क्षारांसाठी ते प्रवाळाच्या दगडांवरून जाऊ देतात. अण्णांनी ग्लास भरला, आधी वास घेतला, मग एक घोट घेऊन तोंडात धरला. मग म्हणाले, ‘खारट न्हाई की गं.’ मग अख्खा ग्लास प्याले आणि दुसरा भरला.

बहात्तरच्या दुष्काळात अण्णा ऐन विशीत होते. पाझर तलावाच्या कामावर माती उचलली, सुकडी खाल्ली. पुढे आयुष्यभर टँकरच्या रांगा, आणि कालव्याचं पाणी येणार, येणार म्हणून काढलेली वर्षं. हा माणूस दुसऱ्या दिवशी म्हणाला, मला ते बालाशी दाखव. आत जाता येत नाही हे मला माहीत होतं, तरी सान निकोलासच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडी बाजूला घेतली. चिमण्या, टाक्या, जाड नळ, सगळं कुंपणाबाहेरून दिसतं. ते गाडीतून उतरून बराच वेळ उभे होते. मग मला हिशेब विचारत बसले: एवढ्या पाण्याला वीज किती लागत असेल, ती कुठून आणतात, पाणीपट्टी किती, गरिबाला परवडतं का. मला सगळं सांगता आलं नाही. पाणी आणि वीज दोन्ही तिथे स्वस्त नाहीत एवढं खरं. पण घरोघर नळ आहे आणि नळाला पाणी आहे, हे त्यांनी स्वतः बघितलं. पाच दिवसांत त्यांना सगळ्यात आवडलेली जागा कुठली म्हणून कुणी विचारलं तर ते आजही हेच सांगतात. त्यांना हिरवळ दाखवून मी काय मिळवलं असतं?

याच रस्त्यावर एका टपरीवर पास्तेची घ्यायला थांबलो. पास्तेची म्हणजे तळलेली करंजीच, आत चीज घातलेली मिळते. शाकाहारी असाल तर तेवढी विचारून घ्या, कारण मांसाचीही असते. टपरीवर एका मोठ्या झाडाची सावली होती. बुंधा माणसाच्या कमरेएवढा, वाऱ्याने वाकलेला, खाली शेळ्या शेंगा खात होत्या. अण्णांनी खालची एक शेंग उचलली, मोडली, दाताखाली धरली आणि म्हणाले, ‘आरं, ही तर आपली येडी बाभळ!’ खरंच तीच होती. तिथे तिला क्विही म्हणतात. ते झाड मूळचं त्याच भागातलं, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधलं. आपल्याकडे ते इंग्रजांच्या काळात आलं आणि रानोमाळ पसरलं. आमच्याकडे तिला शिव्या देत लोक तोडतात, जळणाला नेतात, ती कधी मोठी होतच नाही. तिथे तिचं लाकूड सामानसुमान करायला वापरतात, आणि ती सावली देण्याएवढी होते. टपरीवाल्या बाईला मी इंग्रजीत सांगितलं की हे झाड आमच्या गावात आहे, तेव्हा ती बाहेर येऊन अण्णांशी तिथल्या पापियामेंतो भाषेत बोलायला लागली आणि अण्णा मराठीत. शेळ्यांबद्दलच बोलणं चाललं असावं.

आईला तिथल्या जुन्या घरांचं अप्रूप वाटलं. लाकडाचा सांगाडा, त्यावर माती आणि गवताचा गिलावा, भोवती निवडुंगाचं जिवंत कुंपण. या बेटांवर पूर्वी ज्वारी पिकायची हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. तिथे मक्याच्या पिठाचं फुंची मिळतं, घट्ट शिजवलेलं. आईने ते मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्लं. ठेचा अर्थात घरून नेलेला होता.

म्हणून ‘तिथं बघायला काही नाही’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. असं म्हणणाऱ्याला बघायचा धबधबा असतो. धबधबाच हवा असेल तर पोर्टो रिकोला किंवा सेंट लुशियाला जा, तिथे पाऊसही भरपूर आहे. पण कोरड्या मुलखातल्या माणसांना कोरडी जमीन नको असेल हे परस्पर ठरवू नका. तुमचे आई-वडील कुठले आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. कुठलेही असोत, मित्रांना विचारण्याआधी त्यांना विचारा. भावोजींनी मला फोन केला, अण्णांना केला नाही.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. पाम बीचचं पाणी जास्त शांत, हॉटेलं उंच, संध्याकाळी चालायला दुकानं आणि उजेड. ईगल बीच जास्त रुंद आणि निवांत, इमारती बुटक्या, आणि वाऱ्याने एका बाजूला कललेली फोफोटीची ती प्रसिद्ध झाडं तिथे आहेत. आई-वडील बरोबर असतील तर मी किनारा नंतर बघेन, आधी स्वयंपाकघर असलेली खोली शोधेन. सकाळचा चहा आणि रात्रीचा वरणभात हाताशी असला की म्हातारी माणसं दिवसभर खूश असतात. अशा खोल्या ईगल बीचच्या बाजूला बऱ्याच मिळतात. सगळं जेवणखाण धरून पैसे घेणारी रिसॉर्टं मला पटत नाहीत. शाकाहारी माणूस तिथे दुसऱ्याच्या मांसाचे पैसे भरतो.

गाडी दोन दिवस पुरे. बाकी हॉटेलांच्या पट्ट्यातून राजधानी ओरान्येस्टाडला बस जाते. गाडीच्या एका दिवशी सकाळीच आरिकोक राष्ट्रीय उद्यान करा, दुपारनंतर ऊन सोसत नाही. फोंतेन गुहेत छतावर मूळच्या काकेतियो लोकांनी काढलेली लालसर चित्रं आहेत, तिथे वयस्कर माणसांना सहज जाता येतं. कोंची नावाच्या नैसर्गिक कुंडाला मात्र त्यांना नेऊ नका, वाट खडकाळ आणि दमवणारी आहे. दुसऱ्या दिवशी दक्षिण टोकाचा बेबी बीच, वाटेत बालाशी आणि सान निकोलास. या गावात मोठा तेलशुद्धीकरण कारखाना होता, १९८५ मध्ये तो बंद पडला आणि मग बेटाने पर्यटनावर भर दिला. ईशान्येच्या, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर कुणीही पाण्यात उतरायचं नाही, लाटा फार वाईट आहेत. तिथे खडकाच्या कमानीचा नैसर्गिक पूल जुन्या फोटोंत दिसतो, तो २००५ मध्येच कोसळला.

वाऱ्याची एक गोष्ट कुणी सांगत नाही. तो इतका सुखद असतो की ऊन लागतंय हे कळतच नाही, संध्याकाळी मान आणि पायाचे पंजे भाजलेले असतात. हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी न्या. आईंना साडीऐवजी पंजाबी ड्रेस सोपा पडेल, पदर एक क्षण जागेवर राहत नाही. सनस्क्रीन घेताना त्यात ऑक्सिबेन्झोन नाही ना ते बघा. प्रवाळाला अपाय होतो म्हणून २०२० पासून ते बेटावर बंद आहे.

हे आधी लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे: तुम्ही एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर अरुबाचा विचारही करू नका. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या मुक्कामानंतर संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची जी सवलत आहे ती एच-वनबीवाल्यांना या बेटांसाठी नाही. आई-वडिलांचा अमेरिकेचा व्हिसा चालू आणि अनेक प्रवेशांचा हवा; तो असला की अरुबाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन ईडी कार्ड, म्हणजे बेटावर प्रवेशाचा अर्ज, भरावा लागतो. परतताना अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अरुबाच्या विमानतळावरच होते, रांग लांब असते, म्हणून तीन तास आधी पोचा आणि आई-वडिलांसाठी व्हीलचेअर तिकिटातच मागून ठेवा. डॉलर सगळीकडे चालतात, तिथलं चलन फ्लोरिन बदलून घ्यायची गरज नाही. आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. नाताळच्या आठवड्यात त्याच खोलीचे दर फार चढतात.