जुना वस्तरा घेताना आधी धार बघा, शिक्का नंतर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सोलापुरात मंगळवार पेठेकडं एका भंगारवाल्याकडं 'जर्मनी' शिक्क्याचा गंजका वस्तरा ४०० ला मिळायलाय तर घेऊ का, आणि घेतला तर एमआयडीसीत बफिंग, म्हणजे मशीनच्या चाकावर पॉलिश, मारून आणू का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बफिंग अजिबात मारू नका. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद कार्बनचं, आणि धारेकडं पान इतकं बारीक असतं की चाकावर धरल्या धरल्या तापतं, साधारण २०० अंशांच्या वर गेलं की पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरायला लागतं, आणि निळसर झाक दिसली की तो भाग मऊ पडला म्हणून समजा, मग कितीही भारी दगडावर घासा, धार टिकणार नाही. भंगारातनं वाचलेले लै चांगले वस्तरे असे चकचकीत होऊन वाया जातात, मला खरंच वाईट वाटतं त्याचं.

आता घ्यायचा का? उजेडात धरा आणि फक्त धारेकडची एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा बघा, पैसे तिचेच द्यायचेत. काळे डाग असले तर असू द्या, ते वयाचे. लाल भुकटी असली तरी पाठीकडं किंवा पानाच्या मध्ये असेल तर निघते. पण खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर सोडून द्या, कारण दगडावर जेवढं घासाल तेवढा आतला नवा खड्डा धारेवर येतो. बारीक खाच, म्हणजे अर्धा-एक मिलिमीटरची, चालते, वेळ खाते एवढंच. चीर मात्र फुकट मिळाली तरी नको. बाभळीच्या काट्याएवढी दिसणारी रेघ चीर आहे का ओरखडा हे कळत नसेल तर पानाला हळूच नखानं टिचकी मारून ऐका, अखंड पान छान वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं.

मग रुंदी. वस्तरे सुतावर मोजतात, पाच सुती आणि सहा सुती सगळ्यात जास्त सापडतात. टोकाला चार आणि मुठीकडं पाच असं असेल, किंवा धार मधेच आत वळलेली असेल, तर कुणीतरी वर्षानुवर्षं वाकडा घासलाय. पाठ पण बघा, ती दोन्ही बाजूंनी चपटी रुंद झाली असेल तर आयुष्य बरंच संपलंय.

शिक्का यानंतर. जर्मनीतलं झोलिंगन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही वस्तऱ्यांची दोन गावं लक्षात ठेवा, तिथले शिक्के म्हणजे बोकर, हेंकल्सचे जुळे, जोसेफ रॉजर्सचा तारा आणि क्रॉस, बेंगॉल, हे सगळे आपल्याकडं आलेले. ब्रिटनचा १८८७ चा आणि अमेरिकेचा १८९० चा कायदा आल्यावर मालावर देशाचं नाव टाकायची पद्धत पक्की झाली, म्हणून 'जर्मनी' लिहिलेला बहुतेक त्यानंतरचा. पण नुसतं जर्मनी लिहिलेले लोकल पण फिरतात, त्यामुळं नावावर भाळून जास्त देऊ नका. धार अखंड असेल तर ४०० ठीक आहे, थोडी घासाघीस करा.

मूठ सेल्युलॉइडची असेल, विशेषतः पारदर्शक कासवपाठी रंगाची, तर कापराचा किंवा आंबूस वास येतोय का बघा. ती सडायला लागली की आम्लाची वाफ सोडते आणि मुठीआड झाकलेलं पान खाऊन टाकते, शेजारी ठेवलेले दुसरे वस्तरे पण खराब करते. आगीजवळ तर नकोच. हाड किंवा शिंगाची मूठ चांगली. हाडावर बारीक काळे ठिपके असतात. एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघा दिसल्या तर हस्तिदंत असू शकतो, त्याची खरेदी-विक्री आपल्याकडं कायद्यानं बंद आहे, हात लावू नका.

आणि भंगारापेक्षा जुने सलूनवाले शोधा असं मी सांगेन. एचआयव्ही, काविळीची भीती आल्यावर सगळे अर्ध्या ब्लेडवर गेले आणि कायमचे वस्तरे धोकटीतच पडून राहिले. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडं अजून मिळतात. आपली हवा कोरडी, कोकणासारखा गंज नाही लागत. आधी बसून दाढी करून घ्या, काकांना विचारा कोणत्या दगडावर लावत होते, ते जे सांगतील ते व्हिडिओत मिळणार नाही. वडिलांचा वस्तरा असेल तर भाव करू नका, द्यायचा नसेल तर मागू पण नका.

साफ करायला रात्रभर रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावून ठेवा, मग वॉटर पेपर ६०० नंबरपासून १०००, २००० पर्यंत, पान लाकडावर सपाट टेकवून, बोटं पाठीकडं, धारेच्या दिशेनं कधीच दाबायचं नाही. पाठीवर पेपर मारू नका, धारेचा कोन पाठीवरनंच ठरतो. सोनेरी नक्षी असेल तर तिथं पॉलिश पण नको, पुसून जाते. खड्ड्यांचे डाग राहिले तर राहू द्या. शेवटी स्पिरिटनं पुसा, दुसऱ्याच्या वापरातला आहे.

धार १००० नंबरच्या दगडावर बसवायची, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, वजन फक्त वस्तऱ्याचं. इथं घाई केली की पुढचे ५०००, ८००० आणि १२००० चे दगड काही कामाचे नाहीत. मग चामड्याचा पट्टा, तिथं पाठ पुढं आणि धार मागं. पहिल्यांदा फक्त गालावर चालवा, हनुवटी नंतर. वापरून झाला की कोरडा करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खोबरेल नको, चिकट होतं.

जायच्या आधी धारेचा जवळनं काढलेला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी, मग नक्की सांगतो.