रिटर्न गिफ्ट पोरीकडनंच करून घ्या

ताई, मुलगी चार वर्षांची, साडेबाराला शाळेतनं घरी, बाहेर बेचाळीस डिग्री, घरात एकाचाच पगार आणि पुढच्या महिन्यात वाढदिवसाला पंधरा पोरं येणार, असं तुम्ही लिहिलंय. दुपारभर तिला गुंतवायचं कसं हा तुमचा एक प्रश्न आणि रिटर्न गिफ्टचा खर्च कसा आटपायचा हा दुसरा. माझं दोन्हीला एकच उत्तर, गिफ्ट तिच्याकडनंच करून घ्या, पंधरा नगात दहा-बारा दुपारी आरामात जातात बघा. माझा पोरगा आता नववीत आहे, त्याच्या पाच वाढदिवसांना आम्ही हेच केलं.

पहिल्यांदा हळदीची कार्डं करा. जुन्या वह्यांची कोरी पानं घ्यायची, अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवायची आणि कापसाच्या बोळ्यानं पानभर फासून वाळू द्यायची. मग काडीला कापूस गुंडाळून द्यायचा, कपडे धुवायच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तिला त्या पानावर काय वाटेल ते काढू दे. पिवळ्यावर लगेच लाल उमटतं! आमचा तर पहिल्यांदा ओरडलाच, "आई रक्त आलं." साबणातल्या खारामुळं हळद लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीत चुना घालून करतात ते ह्याच्यामुळंच. पण पोरांच्या हातात चुना नको, डोळ्यात गेला तर वाईट. वरनं लिंबू पिळलं की तेच लाल परत पिवळं, म्हणजे चूक झाली तर खोडरबर पण घरचंच. जुना फ्रॉक घाला मात्र, डाग जात नाहीत.

आणि माझी फजिती पण सांगते. पहिल्या वर्षी वीस कार्डं गच्चीवर उन्हात वाळत टाकली आणि मी झोपले. संध्याकाळी बघते तर निम्म्यांचा रंग उडालेला, उन्हात हळद टिकत नाही हे डोक्यातच नाही आलं आणि आपलं ऊन तर काय विचारू नका. पोरगं रडून रडून बेजार. घरात पंख्याखाली वाळवा.

दुसरं म्हणजे टॉवेलचे कटपीस. तुम्ही सोलापुरात नवीन आहात म्हणून सांगते, शहराच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यांच्या आसपास विचारलं तर कडेच्या पट्ट्या, डागी तुकडे किलोवर मिळतात. हातरुमालाएवढे कापायचे, कडा तुम्ही दुमडून शिवायच्या आणि भेंडी आडवी कापून रंगात बुडवून ठसे तिनं मारायचे. ठसे वाकडे येणार, येऊ द्या, सरळ करायला जाऊ नका, तिनं केलंय हे त्या वाकडेपणावरनंच कळतं. रंग कापडाचाच घ्या, आम्ही वॉटरकलर वापरला आणि पहिल्या धुण्यात सगळं गेलं. आमच्या शेजारची तेलुगू अव्वा, म्हणजे आजी, असल्याच चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायची, आतनं पण चिंध्याच भरलेल्या, तसल्या दोन अजून कपाटात आहेत.

मोठ्यांना द्यायचं असेल तर शेंगाचटणी. शेंगा फोडायचं काम तिचं, बोटांना व्यायाम आणि तासभर शांतता. भाजणं तुम्ही करा, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटताना बत्ता तिच्या हातात द्या नि वरनं तुमचा हात ठेवा. फक्त ह्या वयात अख्खे दाणे तोंडात टाकून पळायला देऊ नका, घशात अडकतात, समोर बसूनच करा. बाटली जॅमची जुनी, झाकणावर तोच ठशांचा रुमाल बांधायचा.

व्हिडिओत दाखवतात ते बाटलीची फुलदाणी, थर्माकोलचं घर वगैरे मी तरी करत नाही. ग्लू गन, ग्लिटर, चमकी आणता आणता विकतच्या खेळण्यापेक्षा महाग पडतं आणि चिकटवायचं सगळं आईलाच लागतं, पोर नुसतं बघत बसतं.

अजून एक, जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला जाल तेव्हा ती भरते त्या होम मैदानात शिरायच्या आधीच ठरलेले पैसे तिच्या छोट्या पाकिटात टाका, सुट्टी नाणी. ती संपली की पाळणा बंद. आमच्यानं पहिल्या वर्षी पहिल्याच दुकानात सगळे उडवले आणि बाकीची जत्रा तोंड फुगवून फिरला, पुढच्या वर्षी शिट्टी घ्यायला तीन दुकानांत भाव विचारला.

लोक काय म्हणतील असंही तुम्ही लिहिलंय. म्हणतात की ओ. आमच्याकडं नात्यातल्या एकीनं सगळ्यांसमोर "एवढंच?" म्हणून तो रुमाल उलटासुलटा करून बघितला होता. पोरांना काही पडलेलं नसतं, पण त्यांच्या आयांना हळदीचं कार्ड काय प्रकार आहे ते कळत नाही, म्हणून नुसती काढलेली कार्डंच नका वाटू, एक कोरं पिवळं पान आणि साबणाचा छोटा तुकडा पण पाकिटात घाला, घरी जाऊन करून बघतात. तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा, नाहीतर पाकिटातच लाल व्हायला सुरुवात होते.

वाढदिवसाला महिना आहे म्हणालात ना, मग ह्या आठवड्यात कटपीस आणून ठेवा. कार्डं शेवटच्या चार दिवसांत.