कंबर दुखते म्हणून नर्सिंग सोडायचं का?

"मॅडम, कंबर गेली माझी, नोकरी सोडू का?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या सिस्टर्सकडून हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. नाव अर्थात बदललंय.

सुजाताताई चाळिशीच्या, मेडिसिन वॉर्डला, नाईटला दोघी सिस्टर आणि पेशंट पन्नासच्या आसपास. एमआरआयचा रिपोर्ट कायम पर्समध्ये. त्यात डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती फुगलेली) वाचल्यापासून वाकायचीच धास्ती, सुट्टीला दिवसभर पडून. ऑर्थोवाल्यांनी ऑपरेशन नको, व्यायाम करा सांगितलेलं, पण ते डोक्यात शिरेल तर ना. मी म्हटलं, चाळिशीतल्या काहीच न दुखणाऱ्या निम्म्याएक लोकांच्या एमआरआयमध्येही बल्ज दिसतो.

"म्हणजे माझं दुखणं मनाचं?" चिडल्याच.

नाही हो, दुखणं खरंच आहे, पण भीतीने अंग आखडून धरलं की आणखी वाढतं (मी विचार-भावना-वागणं ही साखळी मानणारी आहे, लपवत नाही).

मग एकदा विचारलं, कॉटवर खाली घसरलेला पेशंट वर कोण घेतं?

"मीच. मामांना (वॉर्डबॉयना) हाक मारली की ते येणार कधी, त्यात तोंड वाकडं, वर सिस्टरला काम नको म्हणणार."

"आणि स्टुडंट एकटी उचलायला गेली तर?"

"ओरडते मी! जन्माची कंबर धरून बसशील म्हणते..."

आणि थांबल्या. पदराच्या पिनशी चाळा करत राहिल्या. मी मुद्दाम गप्प बसले, इतक्या वर्षांत एवढं जमायला लागलंय. मग हसल्या, "मला नाही कोणी ओरडलं, मॅडम."

माझ्या मते गाठ इथेच असते. उचलायचं शास्त्र सिस्टर्सना पाठ असतं, अडतं ते हाक मारण्यापाशी. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेचा हिशोब आहे की पेशंट हाताने उचलताना एकीवर साधारण १६ किलोच्या वर भार नको, आणि आपण साठ किलोचा माणूस एकटीने ओढतो! ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) घाला, दोन बाजूंना दोघं धरा, कॉट वर होत असेल तर आधी कमरेएवढी घ्या, मामा नसतील तर दुसऱ्या सिस्टरला बोलवा. घरी पडून राहू नका, चाला. स्टाफ कमी हे मात्र समुपदेशनाने सुटणारं नाही, ते मेट्रनकडे लेखीच द्यायचं. आणि पायात बधिरपणा वाढत गेला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर माझ्याकडे नको, तडक कॅज्युअल्टीत.

सुजाताताई त्याच वॉर्डला आहेत. कंबर अधूनमधून दुखते, मामा अजून तोंड वाकडं करतात, पण येतात.