बचतीचे धडे पुरे, आधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाला पुढे न्यायचं तर मध्यमवर्गीय कुटुंबांनी शिक्षणावर भर द्यावा की बचतीवर. बचतीचे धडे देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह हिच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (निम्मी कुटुंबं जिच्या खाली, निम्मी वर) संपत्ती 2,85,000 डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. घरून डबा नेऊन हे अंतर भरत नाही. या वर्गाची मोठी ठेव म्हणजे घर, आणि तेच हातचं जातं.

कसं? आजी मृत्युपत्र न करता वारली. मुलं चार, त्यातला एक आधीच गेलेला, त्याची तीन मुलं. तिघांचा पाव-पाव हिस्सा, नातवंडांचा प्रत्येकी बारावा, आणि कागदावर अजून आजीच. ज्यांच्या सातबाऱ्यावर पणजोबा आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. बँक कर्ज देत नाही, पुरानंतरची मदत अडकते. मग कुणी गुंतवणूकदार दूरच्या नातवाचा बारावा हिस्सा स्वस्तात घेतो आणि वाटणीचा दावा लावतो. घर कापून वाटता येत नाही, म्हणून लिलाव. यात कायदा कुठेच मोडलेला नसतो!

कायद्याचे प्राध्यापक थॉमस मिचेल यांनी मसुदा केलेला 2010 चा नमुना कायदा यासाठीच आहे; तो प्रत्येक राज्याने स्वतः मंजूर करायचा असतो. जॉर्जिया, टेक्सास, दक्षिण कॅरोलिनात तो लागू आहे. कोर्ट आधी मूल्यांकन करवतं, मग विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा पहिला हक्क इतर वारसांना. घर 2,40,000 चं ठरलं तर बाराव्या हिश्शाचे 20,000. पण हिस्सा घेणार असल्याचं कोर्टाची नोटीस पाठवली गेल्यापासून 45 दिवसांत कळवावं लागतं, आणि घोडं इथेच अडतं.

आजी हयात असेल तर टेक्सास, इलिनॉयमध्ये मृत्यूनंतर मालकी आपोआप वारसाकडे जाणारं खत करता येतं. ते तिच्या हयातीतच काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात नोंदवायचं. कपाटात ठेवलेलं खत रद्दी. नंतर केलेल्या मृत्युपत्राने ते रद्दही होत नाही. आजी गेली असेल तर घर वारसांच्या नावावर आणायला लागतात वंशावळ, मृत्यूचे दाखले आणि टेक्सासमध्ये हिश्शात रस नसलेल्या दोन साक्षीदारांचं वारसाबद्दलचं प्रतिज्ञापत्र.

अर्थात राज्यागणिक नियम बदलतात, वकील तिथलाच हवा. आणि ज्यांना 1968 च्या घरांबाबतच्या भेदभावबंदी कायद्यापूर्वी रंगावरून घर किंवा कर्जच नाकारलं गेलं, त्यांच्या नातवंडांना यातलं काहीच उपयोगी नाही.

शिक्षणाचं राहिलंच. शिकलेली नातवंडं दूरच्या शहरात जातात, कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर येते आणि 45 दिवस उलटून जातात.